नोटीस पिरियडमधून लवकर सुटका मागताना या चुका टाळा

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत 90 दिवसांचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करत राहण्याची मुदत, आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याचे कुणाला नवल वाटत नाही. नव्या कंपनीला मात्र माणूस 30 किंवा 45 दिवसांत हवा असतो आणि या दोन आकड्यांच्या कात्रीत सापडलेले कर्मचारी वर्षानुवर्षे त्याच त्या चुका करतात. मुळात हे एक दुष्टचक्र आहे. तुमच्या जागी निवडलेला माणूसही कुठेतरी 90 दिवसांच्या नोटिशीवर अडकलेला असतो, म्हणून तुमचा मॅनेजर तुम्हाला सोडायला राजी नसतो, आणि तुम्ही वेळेत न गेल्यामुळे पुढच्या कंपनीतही कुणाचा तरी पाय अडकून राहतो. लवकर सुटकेची वाटाघाट करताना हे चक्र डोळ्यांपुढे ठेवावे, कारण समोरच्याची खरी अडचण तुमच्या करारात कमी आणि तुमच्या मागे उरणाऱ्या कामात जास्त असते.

अपॉइंटमेंट लेटर न उघडता रुजू होण्याची तारीख देणे

सर्वांत महागात पडणारी चूक राजीनाम्याच्या आधीच होते. मुलाखतीच्या शेवटी 'किती दिवसांत येऊ शकाल?' असा प्रश्न आला की उमेदवार उत्साहात '45 दिवस, फार तर 50' असे सांगून मोकळा होतो आणि घरी आल्यावर जुने अपॉइंटमेंट लेटर शोधायला लागतो. त्या पत्रात तीन गोष्टी नीट पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे मुदत दिवसांत लिहिली आहे की महिन्यांत. 2 जूनला राजीनामा दिला आणि तोच पहिला दिवस धरला, तर 90 दिवस 30 ऑगस्टला पुरे होतात. मोजणी दुसऱ्या दिवसापासून केली तर 31 ऑगस्टला. आणि पत्रात 'तीन महिने' असे लिहिले असेल तर शेवटचा दिवस 1 सप्टेंबर येतो. दोन दिवसांचा हा फरक किरकोळ वाटतो, पण नव्या कंपनीत महिन्याच्या पहिल्या तारखेला रुजू व्हायचे असेल तर तो नडतो.

दुसरी गोष्ट अशी की नोटिशीऐवजी पैसे भरून सुटण्याची, म्हणजे बायआउटची, मुभा कुणाच्या मर्जीवर आहे. 'नोटीस किंवा त्याऐवजी वेतन' असे साधे वाक्य असेल तर तुमची बाजू भक्कम असते. त्याच वाक्याला 'व्यवस्थापनाच्या संमतीने' अशी शेपटी जोडलेली असेल तर पैसे खिशात असूनही परवानगी मागावीच लागते. बायआउट हा आपला हक्कच आहे असे गृहीत धरून नव्या कंपनीला शब्द देणारे याच शेपटीत अडकतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वसुलीची रक्कम मूळ वेतनावर काढायची की एकूण पगारावर. एकूण पगार महिना 90,000 रुपये आणि मूळ वेतन 36,000 रुपये असेल, तर 30 दिवसांच्या महिन्याच्या हिशोबाने एका दिवसाचे मूळ वेतनावर 1,200 आणि एकूण पगारावर 3,000 रुपये होतात. महिनाभराच्या वसुलीत 54,000 रुपयांचा फरक पडत असताना हे वाक्य वाचायला पाच मिनिटे न काढणे परवडणारे नाही.

मॅनेजरला वळसा घालून थेट एचआरकडे जाणे

एचआरशी बोलणे सोपे असते, कारण तिथे रोजचे हेवेदावे नसतात. पण एचआरकडे तुमच्या कामाचा हिशोबही नसतो. तिथून उत्तर येते ते एकच: 'मॅनेजरची मान्यता आणा.' तोवर ही बातमी मॅनेजरच्या कानावर दुसऱ्याच कुणाच्या तोंडून गेलेली असते आणि बोलण्याची सुरुवातच कडवटपणाने होते. म्हणून आधी मॅनेजर, मग त्याच्या संमतीने त्याच्या वरचा अधिकारी आणि शेवटी एचआर, हा क्रम मोडू नये. वेळही पाहावी. क्लायंटच्या रिलीजला, म्हणजे सॉफ्टवेअर त्याच्या हाती देण्याला, चार दिवस उरलेले असताना मागितलेली सूट आणि रिलीज सुखरूप पार पडल्यावर सोमवारी मागितलेली तीच सूट, यांना वेगवेगळी उत्तरे मिळतात.

कारण रंगवून सांगणे ही याच वळणावरची दुसरी चूक. घरात कुणाला तरी आजारी पाडणे किंवा बहिणीचे लग्न ठरवणे हे पूर्वी खपत असेल, पण हिंजवडीपासून खराडीपर्यंतचे हे जग फार लहान आहे. आईच्या आजारपणासाठी तातडीने गावी निघालेला माणूस तीन आठवड्यांनी लिंक्डइनवर नव्या कंपनीच्या स्वागताच्या पिशवीसह दिसला, तर त्याच्या मागे राजीनामा देणाऱ्यांचे खरे कारणही कुणी ऐकून घेत नाही. 'पुढच्या कंपनीला मी या तारखेला हवा आहे' हे कारण पुरेसे आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तारीख न सांगता 'लवकरात लवकर' मागणे

'जमेल तितक्या लवकर सोडा' या विनंतीला मॅनेजर फक्त 'बघू' असेच उत्तर देऊ शकतो, कारण त्याच्यापुढे हो म्हणण्यासारखे काही ठेवलेलेच नसते. त्याऐवजी एक तारीख, त्या तारखेपर्यंत कोणते काम कुणाकडे जाईल याचा तक्ता आणि उरलेल्या दिवसांचा हिशोब अशा तीन गोष्टी एकाच ईमेलमध्ये मांडाव्यात. ईमेल इंग्रजीत लिहिली जाणार हे उघड आहे, पण तिचा आशय असा असावा:

'मी 2 जून रोजी राजीनामा दिला असून नियमानुसार माझा शेवटचा दिवस 30 ऑगस्ट येतो. 18 जुलै हा माझा शेवटचा दिवस मानावा अशी विनंती आहे. उरलेल्या 43 दिवसांपैकी 12 दिवस शिल्लक अर्जित रजेतून वळते करावेत आणि 31 दिवसांची रक्कम नियमाप्रमाणे वसूल करावी. माझ्याकडील चार मोड्यूलपैकी दोन मोड्यूलचे हस्तांतर 27 जूनपर्यंत आणि उरलेल्या दोहोंचे 11 जुलैपर्यंत पूर्ण होईल. शेवटच्या आठवड्यात नवा सहकारी स्वतः काम करेल आणि मी केवळ शंकानिरसनासाठी उपलब्ध असेन.'

या ईमेलमधले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, हे मी अनेकदा मॅनेजरच्या खुर्चीतून पाहिले आहे. केटीच्या, म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याला समजावून देण्याच्या, बैठका झाल्या म्हणजे काम हस्तांतरित झाले असे नसते. तुम्ही शेजारी असताना दुसऱ्याने ते काम करून दाखवले की मगच मॅनेजरचा जीव भांड्यात पडतो. क्लायंटला तुमच्या जागी येणारा माणूस पसंत असल्याचे त्याच्याच ईमेलमधून दिसले, तर पुढचा अडथळा बहुधा कागदोपत्रीच उरतो.

रजेच्या बाबतीत दोन गैरसमज हटकून आढळतात. नोटीस काळात घेतलेली सुटी अनेक कंपन्या नोटिशीत मोजत नाहीत, उलट तितके दिवस शेवटची तारीख पुढे ढकलतात. त्यामुळे गणपतीला चार दिवस कोकणात जाण्याआधी धोरण वाचावे. दुसरे म्हणजे शिल्लक रजेचे पैसे घेणे नेहमीच फायद्याचे असते हा समज. वरच्याच उदाहरणात रजेचा मोबदला मूळ वेतनावर आणि नोटिशीची वसुली एकूण पगारावर होत असेल, तर 12 दिवसांच्या रजेचे 14,400 रुपये हाती येतील, पण तेच 12 दिवस नोटिशीत वळते झाले तर 36,000 रुपयांची वसुली टळेल. अशी वळती करून घेण्याची सोय तुमच्या कंपनीत आहे का, हे विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

तोंडी होकारावर विसंबून राहणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका कंपनीत असताना मॅनेजरने कँटीनमध्ये चहा पिताना खांद्यावर हात ठेवून सांगितले, 'वीस तारखेला सोडतो तुला, तू निश्चिंत राहा.' मी निश्चिंत राहिलो. पंधरा दिवसांनी तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला, नव्या मॅनेजरने राजीनाम्याच्या नोंदी असलेले कंपनीचे पोर्टल उघडले आणि तिथे 90 दिवसांनंतरची मूळ तारीख जशीच्या तशी उभी होती. पहिल्याला फोन केला तेव्हा त्याने शब्द नाकारला नाही, पण आता आपल्या हातात काही नाही असे सांगितले, आणि ते खरेच होते. नव्या कंपनीने दोन आठवडे थांबायची तयारी दाखवली म्हणून निभावले.

तेव्हापासून मी प्रत्येक तोंडी संभाषणानंतर त्याच दिवशी दोन ओळींची ईमेल पाठवतो: 'आपल्या आजच्या बोलण्यानुसार माझा शेवटचा दिवस अमुक ठरला आहे, पोर्टलवर तशी नोंद करावी, ही विनंती.' उत्तर आले नाही तर तीन दिवसांनी आठवण करून द्यावी आणि त्या ईमेलची प्रत एचआरलाही पाठवावी. पोर्टलवरची तारीख बदलेपर्यंत ती मिळाली असे समजू नये, आणि नव्या कंपनीला पक्की तारीखही तोवर कळवू नये.

नकार आला तर

पहिला नकार बहुधा तारखेला असतो. 18 जुलै जमत नसेल तर कोणती तारीख जमेल आणि तोवर नेमके काय पूर्ण व्हायला हवे, असा उलट प्रश्न विचारावा. त्याच वेळी नव्या कंपनीलाही दोन आठवड्यांची मुदतवाढ मागावी. माणूस निवडून झाल्यावर पुन्हा शोध सुरू करण्यापेक्षा थांबणे त्यांनाही सहसा स्वस्त पडते. बायआउटची रक्कम ते भरून देणार असतील तर तसे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावे आणि ती रक्कम सहसा पगारात धरून तिच्यावर कर कापला जातो हे लक्षात ठेवावे.

सर्व मार्ग खुंटले म्हणून एके दिवशी कामावर जाणेच बंद करणे, हा मात्र उपाय नव्हे. कुणालाही न्यायालयामार्फत सक्तीने नोकरीत ठेवता येत नाही हे खरे. पण त्यावरून कराराच्या अटी पोकळ असतात, असा जो निष्कर्ष व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो चुकीचा आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, 3 वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. शिवाय न सांगता गेलेल्याला रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने रीतसर मोकळे केल्याचे पत्र, मिळत नाही, पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे पूर्वीच्या नोकरीच्या पडताळणीत, तेच पहिले मागितले जाते, आणि दोन नोकऱ्यांचे दिवस एकमेकांवर चढले असतील तर ते भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत उघड दिसते. जॉइनिंग बोनस किंवा प्रशिक्षणाचा बाँड असेल तर त्याची मुदतही राजीनाम्याआधीच पाहावी. नोकरीची पाच वर्षे पूर्ण व्हायला काही आठवडेच उरले असतील तर लवकर सुटण्याच्या घाईत ग्रॅच्युइटी गमावली जाऊ शकते, हे तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

तारीख मिळाल्यावर ढिले पडणे

अनेक कंपन्या नोटीस काळातला शेवटचा पगार फुल अँड फायनल, म्हणजे सर्व देणी-घेणी मिटवणाऱ्या अखेरच्या, हिशोबापर्यंत रोखून धरतात, म्हणून घरकर्जाचा एखादा हप्ता बाजूला ठेवावा. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम 17 नुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. पैसे रखडले तर या कलमाचा उल्लेख करून सभ्य शब्दांत लेखी विचारणा करावी. हिशोबाच्या पत्रकात नोटिशीच्या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावलेला दिसला तर तोही निमूटपणे भरू नये, कारण अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केल्याची पोच हातात घ्यावी, आणि कार्यालयीन ईमेल बंद होण्याआधी राजीनाम्याची मान्यता व पगाराच्या पावत्या स्वतःकडे जपून ठेवाव्यात. कंपनीच्या कामाची एकही फाइल या कागदांसोबत नेऊ नये. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवली आहे का, हे महिन्याभराने पाहावे. ती नोंदवलेली नसेल, तर शेवटचे योगदान जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला भरता येते, आणि ती भरताना रिलीव्हिंग लेटरवरचीच तारीख टाकावी.