स्टार्टअपचं नाव कसं ठेवावं, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून

ओळखीतल्या एका स्टार्टअपच्या ऑफिसात तासभर बसलो होतो. तेवढ्या वेळात सपोर्टच्या मुलीने स्वतःच्याच कंपनीचं नाव चार जणांना फोनवर फोड करून सांगितलं. "सी नाही सर, के. काइटमधला के. त्याच्यापुढे लगेच डब्ल्यू. नाही, मध्ये ई नाहीये. म्हणताना आहे, लिहिताना नाहीये. आणि शेवटी दोन. अक्षरी नाही, आकड्यातला दोन." चौथ्या माणसाने कंटाळून "लिंक पाठवा" म्हटलं आणि फोन ठेवला.

हे नाव दोघा संस्थापकांना फार आवडलेलं होतं. लोगोत झकास दिसायचं आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ताही मोकळा होता. पण दिवसभर ते नाव तोंडात घोळवणारे लोक वेगळेच होते: ती मुलगी, तिला फोन करणारे ग्राहक, आणि त्या ग्राहकांनी ज्यांना "अरे, ते एक अ‍ॅप आहे बघ" म्हणून सांगितलं असेल ते. नाव ठेवतो आपण, वागवतात दुसरे. नावाची पारख करायची ती त्या दुसऱ्यांच्या जिभेवर आणि कानात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी पाळण्यातलं नाव ठेवून मोकळे व्हा

पहिल्या आठवड्यात कायमचं नाव शोधत बसू नका. काम चालू ठेवायला एक तात्पुरतं नाव पुरतं. गूगलचं पाळण्यातलं नाव 'बॅकरब' होतं, म्हणजे चक्क पाठ चोळणं. इन्स्टाग्राम ज्या अ‍ॅपमधून निघालं त्याचं नाव 'बर्बन'. पैशांचे व्यवहार सांभाळणारी स्ट्राइप सुरुवातीला 'स्लॅश डेव्ह स्लॅश पेमेंट्स' होती. हे नाव संगणकातल्या फाइलच्या पत्त्यासारखं आहे; प्रोग्रामर मंडळींना यातली गंमत लगेच कळते, बाकीच्यांनी विचारात पडावं.

मात्र या तात्पुरत्या नावाला मुदत घाला. पैसे देणारा पहिला ग्राहक यायच्या आत खरं नाव ठरलं पाहिजे. त्यानंतर पाळण्यातलं नावच चिकटतं.

२. काय करता ते एका ओळीत लिहा, आणि ती ओळ नावात कोंबू नका

बहुतेकांची पहिली चूक इथे होते. धंदा काय ते नावातूनच कळावं, असं वाटतं. पण स्टार्टअपचा धंदा दोन वर्षांत बदलतो आणि नाव मागे राहतं. 'उबरकॅब'ला तर दोन वर्षंही मिळाली नाहीत. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिकाऱ्यांनी विनापरवाना टॅक्सीसेवा चालवता म्हणून नोटीस धाडली, तेव्हा कंपनीने 'कॅब' गाळलं आणि नुसतं 'उबर' ठेवलं. अ‍ॅपलने २००७ साली, आयफोन दाखवला त्याच दिवशी, नावातला 'कॉम्प्युटर' काढून टाकला.

वर्णन करणाऱ्या नावात दुसरी अडचण कायद्याची. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने १९७६ मध्ये नावांची एक उतरंड मांडली. ट्रेडमार्कवाले, म्हणजे नावावरचा कायदेशीर हक्क बघणारे, अजून तिचा आधार घेतात. तळाला वस्तूचं सामान्य नाव: ते कोणाचंच होत नाही. त्याच्या वर वर्णन करणारं नाव: त्यावर हक्क मिळवणं जिकिरीचं. मग सूचक नाव, जे काम सांगत नाही पण त्याकडे बोट दाखवतं, जसं नेटफ्लिक्स. त्याच्या वर उसनं नाव: शब्द खरा, पण धंद्याशी संबंध नसलेला, जसं अ‍ॅपल. सर्वांत वर बनवलेलं नाव. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये 'कोडॅक' असंच बनवलं. कुठल्याच भाषेत त्याला अर्थ नव्हता, म्हणून ते फक्त त्याचं झालं.

इंटेलला हा धडा महागात मिळाला. ३८६, ४८६ हे चिपच्या नावातले आकडे प्रतिस्पर्धीही वापरत होते आणि न्यायालयाने इंटेलला आकड्यावर हक्क दिला नाही. म्हणून १९९३ मध्ये ५८६ न येता 'पेंटियम' आला. ग्रीकमधल्या पाचाला नवा अंगरखा चढवलेला.

उतरंडीवर जितकं वर जाल तितका हक्क पक्का, आणि लोकांना नाव ओळखीचं करून द्यायचा खर्चही तितकाच मोठा. पैसा बेताचा असेल तर माझा कल सूचक नावाकडे. बनवलेलं नाव रुजवायला दम लागतो, आणि फारच रुजलं तर वेगळंच दुखणं. मराठीत झेरॉक्स कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर निघते.

३. पन्नास नावं लिहा, त्यातली चाळीस टाकाऊ असतील हे धरून

समजा, तुमचं अ‍ॅप लोकांना रांगेत उभं न राहता रांगेत ठेवतं. दवाखाना असो की सलून, घरबसल्या नंबर लावायचा आणि वेळ झाली की जायचं. पहिली दहा नावं कोणालाही सुचतील अशीच येतात: क्विक अमुक, स्मार्ट तमुक, ईझी ढमुक. ती लिहून टाका म्हणजे डोकं मोकळं होईल.

मग मराठीत शोधा. 'नंबर' छान आहे, "तुमचा नंबर आला" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडात आहे. पण हा शब्द सर्चमध्ये टाकून तुमचं अ‍ॅप कोणाला सापडणार? 'रांग' सूचक वाटतं, पण लोकांना नको असलेली गोष्टच नावात आली. आणि मग कोणीतरी उत्साहाने म्हणतं, 'पाळी'! "आता तुमची पाळी." अर्थ चोख, शब्द आपला, दोन अक्षरी. खोलीत दोन सेकंद शांतता, मग सगळे हसतात, आणि सुचवणारा कानापर्यंत लाल होतो. हेच नाव इंग्रजी लिपीत लिहून आणलं असतं तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं, थेट जाहिरात लागेपर्यंत. म्हणून प्रत्येक नाव मोठ्याने, पूर्ण वाक्यात म्हणून बघा.

या यादीत फॅशनची नावं कमी ठेवा. २००४ मध्ये 'फ्लिकर'ने स्पेलिंगमधला ई गाळला, कारण पूर्ण स्पेलिंगचं डोमेन दुसऱ्याकडे होतं. त्यानंतर स्वर गाळायची साथच आली. ट्विटरसुद्धा २००६ मध्ये स्वरांशिवाय जन्मलं, पण शहाणपणा करून लवकरच स्वर परत घेतले. मग शेवटी 'ली' लावायची लाट आली, 'इफाय'ची आली. आता ज्याच्या त्याच्या मागे 'एआय' असतं. अशी शेपटी म्हणजे नावावर छापलेली तारीख.

४. फोनची परीक्षा घ्या

ही पायरी टाळू नका. बाकी कुठे घाई केलीत तर चालेल.

यादी पाच-सहा नावांवर आणा. धंद्याशी संबंध नसलेल्या पाच जणांना फोन करा. समोरासमोर नको, कारण ओठ दिसतात. बोलता बोलता नाव एकदाच घ्या: "मी हल्ली अमुकमध्ये काम करतो." मग सांगा, ऐकलंत तसं लिहून पाठवा. स्पेलिंगची मदत करायची नाही. पाचांपैकी चौघांनी बरोबर लिहिलं तर नाव पास. तिघांनी तीन वेगळी स्पेलिंगं पाठवली तर ते नाव किती का गोड असेना, सोडा. दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारा, काल कुठलं नाव सांगितलं होतं? इथे आणखी एक-दोन नावं गळतात.

नंतर तेच नाव मोबाइलच्या व्हॉइस सर्चला सांगा. यंत्र भिडस्त नसतं, ऐकलं ते टाइप करतं.

अ‍ॅमेझॉन याच परीक्षेत वाचली. १९९४ मध्ये जेफ बेझोस यांनी कंपनीचं नाव 'कडॅब्रा' ठेवलं होतं, जादूगाराच्या 'अ‍ॅब्रकडॅब्रा'मधलं. वकिलाला फोनवर ते 'कडॅव्हर' ऐकू आलं, म्हणजे प्रेत. नाव बदललं. उलट उदाहरण 'कुइल' या सर्च इंजिनचं. लिहिताना कुइल दिसायचं, म्हणायचं मात्र 'कूल'. २००८ मध्ये गाजावाजा करून आलं आणि २०१० मध्ये बंद पडलं. ते नावामुळेच बुडालं असं मी म्हणणार नाही, शोधच नीट लागत नव्हता. पण लोक टिंगल करायला आधीच तयार होते आणि नावाने त्यांना आयतं कोलीत दिलं.

याच पायरीत नाव वेबपत्त्यासारखं, मधली जागा काढून, लहान अक्षरांत लिहून बघा. 'एक्स्पर्ट्स एक्स्चेंज' या तंत्रज्ञांच्या साइटचा पत्ता सलग लिहिला की इंग्रजीत 'एक्स्पर्ट सेक्स चेंज' असाही वाचता यायचा. शेवटी त्यांनी मध्ये रेघ घातली.

५. दुसऱ्या भाषेत काय होतं ते विचारा, पण ऐकीव गोष्टींना भिऊ नका

शेव्हरले नोव्हा मोटार स्पॅनिश देशांत खपली नाही, कारण 'नो व्हा' म्हणजे 'चालत नाही', ही गोष्ट मार्केटिंगच्या प्रत्येक वर्गात सांगतात. ती खोटी आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात नोव्हा व्यवस्थित खपली. मित्सुबिशीने मात्र स्पॅनिश देशांत 'पजेरो'ची 'माँटेरो' केली, कारण तिकडे पहिला शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'बिंग'चा उच्चार चिनीत आजारपणाच्या शब्दाजवळ जातो, म्हणून तिथे 'बी-यिंग' केलं, म्हणजे 'नक्की उत्तर देणारा'.

पुढच्या काही वर्षांत ज्या भाषांत विकायचं आहे, त्या भाषेत वाढलेल्या एकेका माणसाला नाव ऐकवा. डिक्शनरीत शिव्या कमी असतात, माणसाला सगळ्या येतात. जगातल्या सगळ्या भाषा तपासायला जाऊ नका, तसं केलं तर एकही नाव उरणार नाही.

६. ट्रेडमार्क शोधा, डोमेन नंतर

कंपनीची नोंदणी झाली म्हणजे नाव आपलं झालं, हा फार पसरलेला गैरसमज. कंपनीची नोंदणी वेगळी, डोमेन वेगळं आणि ट्रेडमार्क वेगळा. भांडण होतं ते तिसऱ्यावर.

ट्रेडमार्क वर्गानुसार मिळतो. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये, ऑनलाइन सेवा म्हणून दिलेलं सॉफ्टवेअर वर्ग ४२ मध्ये येतं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे. आधी तिथे आणि मग आपल्या देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर शोधा. फक्त हुबेहूब स्पेलिंग शोधून थांबू नका. सी ऐवजी के, एस ऐवजी झेड घालूनही बघा, कारण कायदा कानाला सारखं लागणारं नावही धरतो. उरलेल्या दोन-तीन नावांसाठी वकिलाची फी द्या. इथे वाचवलेले पैसे पुढे व्याजासकट जातात.

मोठ्यांनाही हे सुटलेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या 'स्कायड्राइव्ह'विरुद्ध ब्रिटनमध्ये स्काय या टीव्ही कंपनीने २०१३ मध्ये खटला जिंकला, पुढच्या वर्षी ते 'वनड्राइव्ह' झालं. चीनमध्ये 'आयपॅड' नाव दुसऱ्याच कंपनीकडे होतं, अ‍ॅपलने २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर मोजून ते सोडवलं. स्नॅपचॅट आधी 'पिकाबू' होतं. त्याच नावाच्या फोटो-अल्बमवाल्या कंपनीचं पत्र आलं आणि नाव सोडावं लागलं. लहान असताना सोडलं, म्हणून स्वस्तात सुटले.

डोमेनसाठी नावाचे हातपाय तोडू नका. ड्रॉपबॉक्सने सुरुवातीची वर्षं नावाआधी 'गेट' लावून काढली. फेसबुकने 'द' लावून सुरुवात केली आणि २००५ मध्ये २ लाख डॉलर देऊन नुसतं नाव घेतलं. डोमेनची शेपटी दुसऱ्या देशाची असेल तर त्या देशाचे नियम लागतात, हेही लक्षात असू द्या. डॉट एलवाय लिबियाचं आहे. २०१० मध्ये तिथल्या यंत्रणेने एक लिंक आखूड करणारी साइट आपल्या नियमांत बसत नाही म्हणून बंद केली. आणि घोषणेच्या आधी सोशल मीडियावरची खाती ताब्यात घ्या. नेटफ्लिक्सने २०११ मध्ये डीव्हीडी भाड्याने द्यायची सेवा वेगळी काढून तिचं नाव 'क्विकस्टर' जाहीर केलं, तेव्हा त्या नावाचं ट्विटर खातं भलत्याच माणसाकडे होतं. महिनाभरात ते नाव आणि ती योजना दोन्ही गुंडाळली.

७. ठरवताना मतदान घेऊ नका

"आवडलं का?" या प्रश्नावर लोक ओळखीचं वाटणारं नाव निवडतात, म्हणजे सगळ्यांत गुळमुळीत. २००६ मध्ये निन्टेंडोने व्हिडिओ गेमच्या नव्या यंत्राचं 'वी' हे नाव जाहीर केल्यावर जग खो-खो हसलं, कारण इंग्रजीत पोरांच्या तोंडी 'वी' म्हणजे शू, पुढे ते यंत्र १० कोटींहून जास्त खपलं. 'स्लॅक' म्हणजे ढिलाई, आणि ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर त्याच नावाने चाललं. फोनच्या परीक्षेत आणि ट्रेडमार्कमध्ये जी टिकली, त्यांतून दोघा-तिघांनी बसून एक निवडा.

कितीही खबरदारी घेतली तरी नशीब आडवं येऊ शकतं. अमेरिकेतल्या तीन मोबाइल कंपन्यांनी मिळून काढलेल्या, फोनवरून पैसे भरायच्या वॉलेटचं नाव 'आयसिस' होतं, इजिप्तच्या एका देवतेचंही तेच. २०१४ मध्ये तेच नाव बातम्यांत दहशतवादी संघटनेचं म्हणून झळकू लागलं आणि वॉलेटचं 'सॉफ्टकार्ड' करावं लागलं.

८. बदलायची वेळ आलीच तर

एकदाच बदला आणि झटक्यात बदला. अर्धी जुनी, अर्धी नवी पाटी फार दिवस ठेवू नका. जुनं डोमेन मात्र सोडू नका, ते नव्याकडे वळवा आणि दरवर्षी भाडं भरत राहा. सोडलंत तर दुसरा कोणी उचलेल आणि तुमच्या ग्राहकांचे ईमेल त्याच्याकडे जातील. अ‍ॅपच्या वर्णनात आणि सपोर्टच्या मेलखाली वर्षभर "पूर्वीचं नाव अमुक" अशी ओळ राहू द्या.

त्या ओळखीतल्या स्टार्टअपने शेवटी हेच केलं. नवं नाव दोन अक्षरी, साधं, पहिल्यांदा ऐकून मलाही जरा अळणी वाटलं. परवा पुन्हा गेलो होतो. मुलीने फोन उचलला, नाव सांगितलं, आणि पलीकडच्या बाईंनी लगेच सुरुवात केली, "हां, तर माझं लॉगिन सकाळपासून होत नाहीये."