मार्च-एप्रिलमध्ये नॅरोबोटवर एक दिवस: ब्रॉन्स्टन ते नॅप्टन

पहिल्यांदाच नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब अरुंद बोट, चालवणार असाल तर लॉकच्या (बोट वर-खाली नेणारे, दारं असलेले पाण्याचे कप्पे) मागे लागू नका, एका दिवसासाठी बोट भाड्याने घ्या आणि ब्रॉन्स्टनहून नॅप्टनच्या सगळ्यात खालच्या लॉकपर्यंत जाऊन परत या. एका बाजूला साधारण 7 मैल, मधे एकही लॉक नाही. स्पीड लिमिट 4 मैल आहे पण प्रत्यक्षात ताशी अडीच-तीनच पडतात, म्हणजे जायला तीन तास आणि यायला तेवढेच, त्यामुळे सकाळी 9 ला निघाच, दुपारी निघू म्हणालात तर परतताना अंधार होतो आणि भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते.

निघायच्या आदल्या दिवशी कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या साइटवर स्टॉपेजेस, म्हणजे कालवा कुठे बंद आहे, ते बघून घ्या, हिवाळ्यातली दुरुस्ती कधीकधी मार्चपर्यंत चालते.

ब्रॉन्स्टनच्या मरिनातून (बोटी बांधायच्या तळातून) निघालात की थोड्याच वेळात दोन लोखंडी कमानींचे पूल येतात, तिथे डावीकडे वळायचं. पुढे नॅप्टन जंक्शनला उजवीकडचा फाटा बर्मिंगहॅमला जातो, तो सोडून सरळ.

आता टिलर, म्हणजे बोट वळवायचा मागचा दांडा. टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे दहा मिनिटांत हाताला कळतं. खरी गंमत वेगळीच आहे, बोट पुढून वळत नाही, मधल्या भागाभोवती फिरते, म्हणजे नाक उजवीकडे गेलं की मागचा भाग डावीकडे झुलतो आणि काठावर किंवा बांधलेल्या बोटीवर आपटू शकतो. म्हणून मागेही बघत राहा, आणि वळण यायच्या आधीच टिलर हलवा कारण बोट दोन-तीन सेकंद विचार केल्यासारखी उशिरा ऐकते. समोरून बोट आली की तुम्ही उजवीकडे व्हायचं. बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी हळू, नाहीतर त्यांचे दोर ताणून खुंट्या उपटतात, आत माणसं राहत असतात हो. पाणकोंबड्यांची घरटी पण याच दिवसांत काठाला असतात, त्यांच्याजवळही हळूच.

मार्चमध्ये जास्त त्रास वाऱ्याचा. बोटीची बाजू म्हणजे 50-60 फुटांची सपाट भिंत, आणि तळ उथळ, त्यामुळे मोकळ्या माळावर आलं की वारा बोटीला सरळ काठाकडे ढकलतो. तिथे एकदम हळू केलंत तर टिलरचं काही चालत नाही, थोडा वेग ठेवा आणि नाक वाऱ्याकडे थोडं तिरकं धरा. रुतलीच तर जोर लावत बसू नका, रिव्हर्स टाका आणि लांब बांबूने रेटा.

नॅप्टनची टेकडी आणि तिच्यावरची पवनचक्की दिसायला लागली की पोचल्यात जमा. खालच्या लॉकजवळच पब आहे, पण आम्ही तर थालीपीठं आणि थर्मासमधला चहा घेऊनच जातो, काठावर ब्लॅकथॉर्नची पांढरी फुलं आणि शेतात कोकरं असताना आत कोण बसणार. जेवण झालं की चालत जाऊन 9 लॉकची रांग बघून या, एखादी बोट येत असेल तर विचारून दार ढकलायला मदत करा, लॉक शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. बोट वळवायला जवळच रुंद जागा आहे, तिला विंडिंग होल म्हणतात, आणि उच्चार वाऱ्यातल्या विंडसारखा.

कपडे थरांत घाला, मागे उभं राहून हात गारठतात, हातमोजे पाहिजेतच. आत स्टोव्ह पेटवला असेल तर खिडकीची फट उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना ते सकाळीच बटण दाबून बघा. प्रोपेलरला काही अडकलं तर आधी इंजिन बंद, चावी काढून खिशात, मगच मागचं झाकण उघडायचं.

परतल्यावर काठाला हळू या, मधला दोर हातात घेऊन उतरा, उडी मारू नका, दगड ओले असतात.