लहान ट्रॅक्टरच्या लोडरला बकेट की पंजा : खरेदीपूर्वीचा हिशेब

निफाड, दिंडोरी आणि चांदवड या पट्ट्यात द्राक्षबागेच्या ओळीत शिरणारा २४ ते २८ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर मुख्यतः ब्लोअर आणि रोटाव्हेटरसाठी घेतला जातो. एकदा तो दारात आला की उकिरड्यातून शेणखताची ट्रॉली भरणे, रस्त्यावर मुरूम पसरणे, छाटणीच्या काड्या बांधावर नेणे आणि जुनी बाग काढल्यावर खोडे उचलणे ही कामेही त्याच्याकडूनच व्हावीत असे वाटू लागते, आणि पुढच्या बाजूला माल उचलणारा लोडर बसवण्याचा विचार सुरू होतो. या टप्प्यावर बहुतेक जण बकेट किती फुटांची आहे आणि रंगकाम कसे आहे एवढेच पाहतात. प्रत्यक्षात पहिला प्रश्न वजनाचा असला पाहिजे: लोडर एकूण किती किलो उचलतो, आणि बकेट किंवा पंजा या जोडणीचे स्वतःचे वजन वजा जाता आपल्या मालासाठी त्यातले किती उरते.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात ‘उचलण्याची क्षमता ७५० किलो’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा मागे अवजारे अडकवण्याच्या थ्री-पॉइंट लिंकेजचा असतो आणि त्याचा पुढच्या लोडरशी काहीही संबंध नसतो. लोडरची क्षमता त्याचे बूम म्हणजे उचलणारे हात, सिलिंडर, हायड्रॉलिकचा दाब आणि ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल यांवर ठरते, आणि ती मागच्या लिफ्टच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. त्यातही लोडर बनवणारे जो आकडा सांगतात तो बहुधा बकेट जिथे बूमला जोडली जाते त्या पिनपाशी मोजलेला असतो, तर माल मात्र पिनच्या पुढे हातभर अंतरावर असतो. त्यामुळे आकडा पिनपाशी मोजला आहे की बकेटच्या मध्यावर, आणि तो जमिनीलगतचा आहे की बूम पूर्ण वर असतानाचा, हे दोन्ही विचारून लिहून घ्यावे.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणाने पाहू. समजा, लोडर पिनपाशी ३५० किलो उचलतो. बूमच्या मागच्या सांध्यापासून पिनपर्यंतचे अंतर १८०० मिलिमीटर आहे आणि मालाचा भार पिनच्या पुढे ४५० मिलिमीटरवर पडतो. तरफेच्या नियमाने १८०० भागिले २२५० म्हणजे ०.८, म्हणून त्या जागी क्षमता साधारण २८० किलो राहते. चार फुटी बकेटचे वजन ९० किलो असेल तर मालासाठी १९० किलो उरतात. त्याच लोडरला १४० किलोचा पंजा, म्हणजे जबड्याने माल धरणारी जोडणी, लावला तर १४० किलोच उरतात, म्हणजे अर्धे सामर्थ्य लोखंड उचलण्यातच जाते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण बूम वर जाताना कोन बदलतो. परंतु खरेदीचा निर्णय घेण्यास तो पुरेसा आहे.

आता मालाकडे पाहू. एक लिटर ओली काळी माती सुमारे पावणेदोन किलो भरते, मुरूम दीड किलोच्या पुढे जातो, आणि कुजलेले शेणखत ओलाव्यानुसार पाऊण किलोच्या आसपास असते. चार फुटी बकेटमध्ये शिगोशीग दीडशे लिटर माल बसतो असे धरल्यास खताचे ११० किलो होतात आणि वरच्या लोडरला ते आरामात पेलतात. तेवढीच ओली माती मात्र २६० किलोंच्या घरात जाते, आणि मग एक तर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ओरडू लागतो किंवा मागची चाके हलकी होतात. ‘मोठी बकेट घ्या, फेऱ्या वाचतील’ हा सल्ला खतापुरता खरा आहे. मुरूम आणि मातीसाठी तो नुकसानीचा ठरतो. आपल्या मालाचे वजन अंदाजाने ठरवण्यापेक्षा रिकामी ट्रॉली भुईकाट्यावर तोलून, ओळखीच्या लोडरने मोजक्या दहा बकेटी तीत टाकून पुन्हा काट्यावर न्यावी. एका सकाळच्या या कामाने अनेक महिन्यांचा वाद मिटतो.

बकेटची रुंदी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंना थोडी जास्त असावी, नाहीतर ढिगात शिरताना टायर कडेच्या मालावर चढतो. टायरचे बाहेरचे माप ११५० मिलिमीटर असेल तर १२०० ते १२५० मिलिमीटरची बकेट योग्य होय. त्याहून रुंद घेण्यात अर्थ नाही. बकेटच्या खालच्या पात्याकडे विशेष लक्ष द्यावे. बाकीचा पत्रा चार-पाच मिलिमीटरचा चालतो, पण पाते जाड व कठीण पोलादाचे आणि बोल्टने बसवलेले हवे, म्हणजे एक कड झिजल्यावर उलटून लावता येते. मुरुमात घुसण्यासाठी दाते लागतात, पण गोठ्याच्या कोब्यावर किंवा कांदाचाळीच्या तळावर तेच दाते ओरखडे काढतात आणि माल मागे सोडतात. यावर उपाय म्हणजे दोन बोल्टांवर निघणारी स्वतंत्र दातेपट्टी. वेल्डिंगने कायमचे जोडलेले दाते स्वस्तात मिळतात, पण ज्याच्याकडे एकच बकेट आहे त्याने ते घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. काळ्या जमिनीसाठी आणखी एक गोष्ट पाहावी: बकेटच्या आतले कोपरे गोलाईदार असावेत, कारण काटकोनी कोपऱ्यात चिकट माती थर धरून बसते आणि संध्याकाळपर्यंत आपण वीस-पंचवीस किलो चिखल फुकट वाहत राहतो.

पंजा, ज्याला विक्रेते ग्रॅपल म्हणतात, तो कोणासाठी आहे हे कामावरून ठरवावे. वरचा जबडा मिटून माल धरून ठेवणे हा त्याचा गुण आहे, म्हणून जे बकेटमध्ये नीट राहत नाही त्यासाठीच तो उपयोगी पडतो: छाटणीच्या काड्यांचा गुंता, वेड्या बाभळीच्या फांद्या, मुळांसकट निघालेली द्राक्षाची खोडे, मोठे दगड. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी धरून वर्षातले पंधरा-वीस दिवस काड्यांचे काम निघते. ज्यांनी काड्यांचा भुगा करून ओळीतच टाकायला सुरुवात केली आहे त्यांचे तेही दिवस संपले आहेत, आणि अशा बागाईतदाराने केवळ काड्यांसाठी पंजा घेण्याचे कारण मला दिसत नाही. ज्याला दरवर्षी पडीक रान मोडायचे आहे, बांधावरचा झाडोरा साफ करायचा आहे किंवा जुन्या बागा काढायच्या आहेत, त्याने मात्र तो अवश्य पाहावा.

लहान ट्रॅक्टरसाठी पूर्ण पंज्यापेक्षा एक मधला मार्ग मला अधिक पटतो. खाली सरळ दात्यांचा काटा आणि वर एकाच सिलिंडरवर चालणारा हलका जबडा, अशी जोडणी शंभर किलोंच्या आसपास बसवता येते. लांब काडीचे सैल खत, कडब्याच्या पेंढ्या आणि काड्या ही तिन्ही कामे तिच्याने होतात. दात्यांमधले अंतर तीन ते चार इंच असल्यास खत टिकते आणि मोकळी माती गळून पडते; सहा इंच अंतर खोडांना व दगडांना चांगले, पण बोटाएवढ्या काड्या त्यातून निसटतात. दोन स्वतंत्र जबड्यांचा पंजा वेडावाकडा माल उत्तम धरतो, परंतु त्याचे दोन सिलिंडर आणि जादा नळ्या यांचे वजन वर मालासाठी उरलेल्या १४० किलोंतूनच कापले जाते.

पंज्याला हायड्रॉलिकची तिसरी जोडी लागते, आणि पुष्कळदा याच ठिकाणी खर्चाचा अंदाज चुकतो. लोडरची एक जोडी बूम उचलते, दुसरी बकेट उलटवते. जबडा उघडण्या-मिटण्यासाठी आणखी दोन नळ्या आणि त्यांना तेल देणारा व्हॉल्व्ह हवा. मागच्या कपलरवरून, म्हणजे नळ्या जोडण्याच्या तोंडावरून, नळ्या पुढे आणणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, पण प्रत्येक वेळी हात लिव्हरवरून काढून मागे न्यावा लागतो. लिव्हरवर बटण असलेला विजेचा वळण व्हॉल्व्ह लावल्यास काम सोपे होते, मात्र जबडा मिटत असताना बकेट उलटवता येत नाही. कोणताही मार्ग घेतला तरी जबड्याच्या सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह मागून घ्यावा, म्हणजे नळी फुटली तरी धरलेले खोड खाली पडत नाही.

या साऱ्याहून मोठा प्रश्न ट्रॅक्टरच्या सांगाड्याचा आहे. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चॅसी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच कणा बनतो. लोडरचा पाया फक्त इंजिनच्या पुढच्या ब्रॅकेटवर आणि क्लच हाउसिंगवर टेकवला तर प्रत्येक धक्का त्या ओतीव लोखंडाला बसतो. म्हणून लोडरच्या बाजूच्या पट्ट्या मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगपर्यंत पोचलेल्या असाव्यात. पिंपळगाव-ओझर भागातल्या वर्कशॉपमध्ये मागणीप्रमाणे लोडर बनवून घेताना ही अट सर्वांत आधी घालावी, आणि ट्रॅक्टरच्या विक्रेत्याला वॉरंटीबद्दल लेखी विचारावे. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला लोडर लावू नये, कारण भार पुढे गेला की नेमकी ओढणारी मागची चाके हलकी होतात. पॉवर स्टिअरिंग नसेल तर भरलेल्या बकेटने वळताना खांदे दुखतील, एवढेच सांगून पुढे जातो.

पुढे भार वाढला की मागे वजन टाकावेच लागते. टायरमध्ये पाणी भरल्याने ट्रॅक्टर स्थिर होतो, पण पुढच्या अॅक्सलवरचा ताण त्याने कमी होत नाही. तो कमी होतो मागच्या अॅक्सलच्या पलीकडे, थ्री-पॉइंटवर अडकवलेल्या वजनाने. दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून त्यात लोखंडी पिना उभ्या करून काँक्रीट ओतले की सुमारे २४० किलोंचे चांगले वजन घरीच तयार होते. रोटाव्हेटर अडकवलेला असला तरी काम भागते, फक्त तो वळताना बांधाला लागतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. दिंडोरीजवळची एक जुनी बाग काढताना मागे काहीही न अडकवता मी पंजाने मुळासकट खोड उचलले. खोडाला काळ्या मातीचा मोठा गड्डा चिकटलेला होता. बूम छातीइतका वर गेला आणि मागचे डावे चाक चार बोटे जमीन सोडून हवेत फिरू लागले. मी घाईने बूम खाली सोडला आणि खोड वाचले, पण त्याच दिवशी दुसरा धडा मिळाला: मांडवाची गंजलेली तार दात्यात अडकून पुढच्या चाकाच्या हबभोवती गुंडाळली गेली, आणि संध्याकाळी चाकाखाली तेलाचा काळा डाग दिसला. तारेने ऑइल सील कापले होते. तेव्हापासून तार आणि अँगल हाताने काढून बाहेर नेल्याशिवाय मी बागेत पंजा घालत नाही.

लोडर लवकर सुटतो की नाही हे द्राक्षपट्ट्यात इतर कोठल्याही भागापेक्षा महत्त्वाचे आहे. गोडी छाटणीनंतर फवारण्यांचा जो सपाटा सुरू होतो त्यात तोच ट्रॅक्टर ब्लोअर ओढतो. पुढे दोन-तीनशे किलोंचा लोडर लटकवून ओल्या ओळीत फिरल्यास जमीन दाबली जाते, वळणे मोठी होतात आणि वाय आकाराच्या मांडवाच्या तारांना बूम घासतो. दोन पिना, चार कपलर आणि स्वतःच्या पायांवर उभा राहणारा लोडर एका माणसाला दहा-पंधरा मिनिटांत सोडता यायला हवा. बकेट आणि पंजा बदलण्यासाठीही झटपट जोडणीची पट्टी घ्यावी, परंतु तिचेही तीस-चाळीस किलो हिशेबात धरावे. वर्कशॉपमध्ये स्वतः एकदा सगळे सोडून पुन्हा जोडून पाहावे. विक्रेत्याच्या माणसाने केलेली कसरत पाहून समाधान मानू नये.

चाचणी घेताना कोरडी वाळू नको, ओली मातीच भरून घ्यावी. बकेट पूर्ण भरून बूम शेवटपर्यंत वर न्यावा, इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबावे आणि बकेट किती खाली आली ते टेपने मोजावे. ती वीत-दीड वीत उतरली तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहे. त्या पाच मिनिटांत बूमखाली कोणी उभे राहू नये, आणि नळीची गळती हाताने चाचपू नये, कारण दाबाखालचे तेल कातडीत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून पाहावे. चालताना भरलेली बकेट जमिनीपासून फूटभरच वर असावी, त्र्यंबक-सुरगाण्याच्या उताराच्या शेतात तर त्याहूनही खाली.

घरी आणल्यानंतर पहिल्या दहा तासांनी पायाचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि प्रत्येक बोल्टवरून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट ढिला झाला असे समजावे. पिनांना रोज सकाळी ग्रीस द्यावे.