कल्पनारम्य प्रसंगाच्या पार्श्वसंगीतात थीम वापरताना या चुका टाळा

गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या काही तरुणांच्या बारा मिनिटांच्या लघुपटाला मी पार्श्वसंगीत दिले. त्याचा शेवटचा प्रसंग पन्हाळ्यावर चित्रित केला होता. शापाने शिळा झालेल्या द्वारपालाला त्याची मुलगी हाक मारते आणि दगडाचे डोळे उघडतात, एवढाच तो प्रसंग. त्याला मला तीन वेळा नव्याने संगीत करावे लागले आणि दोन वेळा चूक माझ्या थीममध्येच, म्हणजे कथेत पुन्हा पुन्हा परतणाऱ्या ओळखीच्या धुनेतच होती.

पहिली चूक लांबीची. १९३२ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीने काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाला गोविंदराव टेंबे यांचे संगीत होते. आपला बोलपट तेव्हापासून गाण्यांवर वाढल्यामुळे आपण थीमसुद्धा अस्थायीसारखी, म्हणजे गाण्याच्या पहिल्या भागासारखी, पूर्ण बांधून टाकतो. माझी धून चोवीस सेकंदांची होती, आणि प्रसंगात तिला सलग आठ सेकंदही मोकळे मिळत नव्हते. मग तिचे पहिले चारच स्वर ठेवले : सा, प, म आणि कोमल गंधार (म्हणजे उतरलेला ग). एकदा ऐकून दिग्दर्शकाला जी गुणगुणता येत नाही, ती धून थीम म्हणून उपयोगाची नाही, असे मी आता मानतो.

दुसरी चूक याहून गंभीर आहे, आणि ती म्हणजे थीम थेट उत्कर्षबिंदूलाच प्रथम ऐकवणे. ख्यालगायनात मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) परतला की श्रोता मान डोलावतो, कारण तो मुखडा त्याच्या कानात आधीच बसलेला असतो. जे पूर्वी ऐकलेच नाही त्याचे परतणे कोणाला जाणवणार? म्हणून मी ते चार स्वर दुसऱ्या मिनिटाला, वडील मुलीसमोर दरवाजाचा अडसर लावतात तेथे, नुसत्या बासरीवर आणि कोणत्याही साथीविना पेरले. सहाव्या मिनिटाला ती एकटी पायऱ्या चढते तेव्हा तेच स्वर हार्मोनियमच्या मंद्र (खालच्या) सप्तकात येतात, पण चौथा स्वर येतच नाही. ही अपूर्णता प्रेक्षकाला नेमकी सांगता येणार नाही, तरी ती त्याच्या कानात अडकून राहते.

तिसरी चूक म्हणजे थीम दर वेळी जशीच्या तशी वाजवणे. कथेत माणूस बदलला आणि धून बदलली नाही, तर ती केवळ ओळखपाटी होते. शेवटी डोळे उघडतात तेव्हा कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो. बाकीचे तीन स्वर तेच, लयही तीच. बदल एकाच स्वराचा असल्यामुळे थीम ओळखू येते आणि अर्थ मात्र उजळतो. सगळेच एकदम बदलले असते, तर ही नवीच धून वाटली असती.

वेळेचे गणितही येथे सांभाळावे लागते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, त्यामुळे मिनिटाला ७२ मात्रांची (ठोक्यांची) लय धरली तर एक मात्रा बरोबर २० फ्रेमची होते. डोळे उघडण्याचा क्षण आमच्याकडे मात्रेनंतर नऊ फ्रेमवर पडत होता. त्यासाठी सगळी लय बदलण्याऐवजी मी आधीचा मध्यम तेवढाच लांबवला. उलट संगीत दृश्याच्या आधी पोहोचले, तर रहस्य संगीतानेच फोडले असे होते.

प्रत्येक पात्राला स्वतंत्र थीम देण्याचा मोहही टाळावा. बारा मिनिटांना दोन पुरतात, आणि त्यातली एक व्यक्तीची नसून बाप-लेकीच्या नात्याची असली तर अधिक चांगले. भैरवीची छाया मात्र मधल्या प्रसंगांत येऊ देऊ नये, कारण आपल्या श्रोत्याच्या मनात तिचा अर्थ मैफल संपत आली असा ठरून गेलेला आहे.

हलगीबद्दलही सांगायला हवे. कोल्हापूरकराला युद्धाची चाहूल म्हटली की हलगी आठवते आणि तिचा कडकडाट अंगावर काटा आणतो हे खरेच आहे. परंतु तिच्या टोकदार आघाताखाली संवादातली व्यंजने बुडतात. आवाज कमी करून हे सुटत नाही. हलगी वाक्यांच्या मधल्या जागेतच वाजवावी लागते.

शेवटच्या प्रतीत आता हलगी नाही. शुद्ध गंधार चार सेकंद टिकतो आणि मुलगी ‘आबा’ म्हणते त्याच्या आधीच थांबतो, म्हणून तो शब्द पूर्ण शांततेत ऐकू येतो.