बॅकअप चालू असताना सर्व्हरची डिस्क मोकळी कशी ठेवावी

लिनक्स सर्व्हरवर रात्रीच्या बॅकअपला ‘नाइस 19’ (प्रोग्रॅमचा प्राधान्यक्रम ठरवणाऱ्या ‘नाइस’ आज्ञेतली सर्वांत खालची पातळी) देऊनही डेटाबेस अडखळत असेल, तर दोष बहुधा नाइसकडून ठेवलेल्या अपेक्षेत असतो. नाइसचा मूल्यांक −20 पासून 19 पर्यंत असतो आणि तो प्रामुख्याने सीपीयूचा वाटा ठरवतो. टारसारखा, फाइली एकत्र बांधून बॅकअप घेणारा प्रोग्रॅम मात्र सीपीयू फारसा वापरतच नाही, तो डिस्कपुढे रांग लावतो आणि त्याच रांगेत डेटाबेसचे व्यवहारही खोळंबतात.

आधी खात्री करून घ्यावी. डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणारी ‘आयओस्टॅट’ आज्ञा विस्तारित स्वरूपात दर सेकंदाला चालवून वाचनाच्या प्रतीक्षेचा स्तंभ पाहावा: एरवी 2 मिलिसेकंद असणारा आकडा बॅकअप सुरू होताच 80 वर जात असेल, तर अडचण डिस्कचीच आहे. डिस्क किती टक्के व्यस्त आहे हे सांगणाऱ्या स्तंभावर एनव्हीएमई डिस्कच्या (वेगवान एसएसडीच्या) बाबतीत विसंबू नये, कारण ती एकाच वेळी अनेक मागण्या हाताळते. डिस्क नेमकी कोणी धरून ठेवली आहे, हे ‘आयओटॉप’ ही आज्ञा सांगते.

त्यानंतर डिस्कच्या वापराचा प्राधान्यक्रम ठरवणारी ‘आयओनाइस’ आज्ञा वापरावी. त्यात तीन वर्ग आहेत: 1 रिअलटाइम, 2 बेस्ट-एफर्ट (नेहमीचा) आणि 3 आयडल (डिस्क इतरांना नको असेल तेव्हाच). बॅकअपला वर्ग 3 द्यावा. प्रोसेस आधीच चालू असेल तर तिचा क्रमांक देऊनही वर्ग बदलता येतो. वर्ग 1 मुळे इतर सर्व कामे उपाशी राहू शकतात, म्हणून तो सहसा टाळावा.

येथे पुष्कळ जण फसतात: हे वर्ग पाळायचे की नाही, हे डिस्कचा शेड्यूलर, म्हणजे मागण्यांचा क्रम लावणारा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) भाग, ठरवतो. सिस-एफएसमधील (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या /sys मधील) त्या डिस्कच्या ‘शेड्यूलर’ फाइलमध्ये चौकटी कंसातले नाव चालू शेड्यूलरचे असते. तेथे ‘नन’ असेल तर आयओनाइसची आज्ञा बिनतक्रार स्वीकारली जाते, पण फरक काहीच पडत नाही. बीएफक्यू नावाचा शेड्यूलर हे वर्ग पाळतो, आणि वेगळा वर्ग दिलेला नसल्यास नाइसच्या मूल्यांकावरून 0 ते 7 यांपैकी पातळी काढतो (0 सर्वांत वरची, 7 सर्वांत खालची). नाइस 0 ला 4, तर नाइस 19 ला 7.

लेखनाची गोष्ट निराळी आहे. साधे लेखन आधी पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) जाते आणि पुढे कर्नलचे स्वतःचे थ्रेड ते डिस्कवर उतरवतात, त्यामुळे मूळ प्रोसेसचा वर्ग तेथे सहसा पोहोचत नाही. अशा वेळी सी-ग्रुपच्या (प्रोसेसच्या गटांवर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीत लेखनाच्या वेगावर थेट मर्यादा घालणे अधिक भरवशाचे ठरते.

डिस्क रात्रभर व्यस्तच राहत असेल, तर आयडल वर्गातला बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळू शकतो. तेव्हा वर्ग 2 आणि पातळी 7 द्यावी.