रॅकहॅमचं चित्र हातानं उतरवताना

आर्थर रॅकहॅमची पुस्तकचित्रं पाहिली की पहिली नजर त्या वाकड्यातिकड्या झाडांवर जाते. गाठींची खोडं, जमिनीतून बोटांसारख्या वर आलेल्या मुळ्या, आणि सगळ्यावर पसरलेला चहाच्या पाण्यासारखा फिकट तपकिरी रंग. या इंग्रज चित्रकारानं १९०५ साली ‘रिप व्हॅन विंकल’साठी, १९०६ साली केन्सिंग्टन बागेतल्या पीटर पॅनसाठी आणि १९०७ साली ॲलिससाठी चित्रं काढली. त्यांतलं एखादं स्वतःच्या हातानं रंगवून मुलांच्या खोलीत लावायचं असेल, तर रंग जुळवण्याच्या मागे लागू नका. मूळ चित्र ज्या क्रमानं घडलं तो क्रम उतरवा, म्हणजे रंग बऱ्याच अंशी आपोआप जुळतात.

हा क्रम असा: आधी पेन्सिल, मग शाईची रेषा, मग जलरंगाचे पातळ थर. त्या काळी रंगीत चित्र फिल्टर लावून तीन-चार रंगांत फोडून छापत. ठसे केसभर सरकले तरी चित्र धूसर व्हायचं, आणि शाईची ठाम रेषा त्याला धरून ठेवायची. म्हणून रॅकहॅमच्या चित्रात रेषेला एवढं वजन आहे.

चित्र निवडताना

पहिल्या वेळी एक-दोन माणसं आणि एखादं झाड एवढंच असलेलं चित्र घ्या. गर्दीचं नको. रॅकहॅम १९३९ साली वारला. भारतात लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे त्याची चित्रं इथे केव्हाच मोकळी झाली आहेत. विनी-द-पूची मूळ चित्रं काढणारा शेपर्ड मात्र १९७६ साली वारला, म्हणजे त्याच्यासाठी २०३६ संपेपर्यंत थांबायला हवं.

जुन्या आवृत्तीचं मोठं, स्वच्छ स्कॅन शोधा आणि दोन प्रती छापा: एक रंगीत, एक काळी-पांढरी. काम जास्त काळ्या-पांढऱ्या प्रतीवरून करायचं आहे, कारण कुठे किती गडद हे तीच नीट सांगते. स्कॅनमधला पिवळेपणा कागदाच्या वयाचा असू शकतो. पुस्तकाच्या कोऱ्या समासाचा रंग पाहा. तोही तितकाच पिवळा असेल, तर तेवढा मनातून वजा करा.

कागद आणि रेखांकन

३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), सुती, गुळगुळीत पृष्ठाचा (हॉट प्रेस) कागद घ्या. खरखरीत कागदावर निब अडकते आणि शाई उडते. कागद चारही बाजूंनी बोर्डला टेप लावून पक्का करा.

चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवा, त्याच्या मागे २बी पेन्सिल घासा आणि मग कागदावर हलक्या हातानं गिरवा. कार्बन पेपर वापरू नका. त्याची मेणचट खूण खोडता येत नाही आणि तिथे रंगही धरत नाही.

रेषा

इथे घाई नडते. मी पहिल्यांदा साध्या फाउंटन पेनच्या शाईनं आठवडाभर खपून झाड काढलं. पहिल्याच ओल्या ब्रशखाली सगळी शाई पसरली आणि चित्र गेलं. म्हणून वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकच घ्या, आणि तीही तपासून: रद्दी तुकड्यावर रेघ मारा, रात्रभर वाळू द्या, मग तिच्यावरून ओला ब्रश फिरवा. रेघ जागची हलली नाही तरच पुढे जा.

होल्डर आणि टोकदार निब घेऊन दोन-तीन दिवस नुसत्या साली आणि मुळ्या काढा. रेघ स्वतःकडे ओढायची. दिशा बदलली की हात वाकवण्याऐवजी बोर्ड फिरवायचा. दाब वाढवला की रेघ जाड, सैल सोडला की केसासारखी. रॅकहॅमची सगळी जादू या चढउतारात आहे, आणि हात बसायला वेळ लागतो. तो द्याच. मूळ चित्रातली प्रत्येक रेघ मोजून काढू नका. खोड कुठून कुठे वळतंय ते समजून घ्या आणि एका दमात ओढा. बिचकत काढलेली रेघ लगेच ओळखू येते.

शाई पूर्ण वाळली की पेन्सिल मऊ खोडरबरानं टिपून काढा.

रंगाचे थर

रॉ अंबरमध्ये (मातकट तपकिरी) किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून भरपूर पाणी घाला. बशीत पाहिलं तर ‘हे फारच फिकट’ असं वाटलं पाहिजे. बोर्ड थोडा कलता ठेवा आणि वरून खाली, रंगाचा ओला थेंब पुढे ढकलत, चित्रावर पसरवा. अगदी उजेडाच्या जागा कोऱ्या सोडा. इथे पांढरा म्हणजे कागद. पांढरा रंग लावला की पारदर्शकपणा मरतो.

थर वाळला का, हे हाताची पाठ कागदाजवळ नेऊन पाहा. गार लागलं तर थांबा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत एकेका थराला अर्धा दिवसही लागतो. ओल्यावर दुसरा थर दिलात तर मातकट डाग पडतात. असे तीन ते पाच थर द्या, दर वेळी फक्त सावलीच्या भागात. चुकून गडद झालं तर स्वच्छ ओल्या ब्रशनं भिजवून टिपकागदानं उचला.

अंगावरचे कपडे, गाल, एखादं पान यांचे रंग अगदी शेवटी, आणि तेही जपून. गालांना पिवळ्या मातीचा आणि लालाचा नुसता स्पर्श पुरतो.

मग मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून छापील प्रतीशेजारी ठेवा. कुठे सावली कमी पडली ते लगेच दिसेल. थरांखाली मंदावलेल्या काही रेघा, विशेषतः पुढच्या झाडाच्या आणि डोळ्यांच्या, निबनं पुन्हा ठसठशीत करा.

मागच्या बाजूला ‘रॅकहॅमच्या चित्रावरून’ असं लिहून स्वतःचं नाव आणि तारीख घाला. फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावा, म्हणजे काच रंगाला चिकटणार नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे डकवा, म्हणजे ओल आलेल्या भिंतीपासून ती बोटभर दूर राहील.