यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ततपासणीचे अहवाल कसे वाचावेत

यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग वाढतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तो खरोखर वाढतो आहे की नाही, हे रोज हाती येणाऱ्या अहवालांवरून कसे ओळखायचे, हे नातेवाइकांना क्वचितच कोणी सविस्तर समजावून सांगते. घरातल्या माणसासाठी यकृताचा उजवा लोब (म्हणजे उजवा भाग) दिलेल्या दात्याजवळ किंवा गाठीमुळे यकृताचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णाजवळ जे बसून असतात, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. उपचाराचे निर्णय डॉक्टरांचेच असतात. पण आकड्यांचा अर्थ कळला, तर राउंडच्या वेळी मिळणाऱ्या दोन-चार मिनिटांत नेमका प्रश्न विचारता येतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. काढलेला लोब पुन्हा उगवत नाही. उरलेल्या भागातल्या पेशी विभागतात आणि तोच भाग आकाराने मोठा होतो. हिगिन्स आणि अँडरसन यांनी 1931 साली उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून ही वाढ पद्धतशीरपणे मोजली. तेव्हापासून या विषयाचा बराचसा अभ्यास त्याच पद्धतीवर उभा आहे. पेशी विभागत असल्याचा थेट पुरावा म्हणजे केआय-67 हे प्रथिन, पण ते पाहण्यासाठी यकृताचा तुकडा काढावा लागतो, आणि नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या यकृतात त्यासाठी सुई घालणे योग्य नसते. एचजीएफ आणि इंटरल्युकिन-6 हे वाढीचे संदेश देणारे घटक शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रक्तात वाढतात. तरीही त्यांची तपासणी वॉर्डात नेहमी होत नाही, शिवाय इंटरल्युकिन-6 तर कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वाढते. त्यामुळे आपल्याला वाढ प्रत्यक्ष दिसत नाही. यकृत काम किती करते आहे यावरून तिचा अंदाज बांधावा लागतो.

त्यासाठी एक साधी वही करावी. शस्त्रक्रियेचा दिवस शून्य धरून प्रत्येक दिवसाची एक ओळ आखावी आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा), बिलीरुबिन (काविळीत वाढणारा पिवळा घटक), फॉस्फेट, प्लेटलेट, एसजीओटी व एसजीपीटी (यकृताच्या पेशींतली एन्झाइम्स) यांचे रकाने करावेत. शस्त्रक्रियेपूर्वीचे आकडे सर्वांत वर लिहावेत, कारण तुलना त्यांच्याशीच करायची असते. शेवटचा रकाना ‘आज काय दिले’ असा ठेवावा आणि त्यात प्लाझ्मा (रक्तदात्यांच्या रक्तातला द्रव भाग), व्हिटॅमिन के, अल्ब्युमिन, फॉस्फेट यांपैकी जे दिले असेल ते वेळेसह लिहावे. माझ्या मते हाच रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेकांच्या वहीत नसतो.

आता आयएनआर. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात तयार होतात आणि त्यांतला सातवा घटक रक्तात केवळ काही तास टिकतो, म्हणून यकृताची क्षमता कमी झाली की आयएनआर लगेच वाढतो आणि क्षमता परतू लागली की लवकर उतरतो. समजा, आधी 1.1 असलेला आयएनआर पहिल्या दिवशी 1.9, दुसऱ्या दिवशी 1.8, तिसऱ्या दिवशी 1.6 आणि पाचव्या दिवशी 1.3 झाला, तर ही उतरण चांगली आहे; पहिल्या दिवसाच्या 1.9 ने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मधल्या काळात प्लाझ्मा दिला असेल, तर उतरलेला आकडा रुग्णाच्या यकृताचा नसून रक्तदात्यांच्या यकृताचा असतो. म्हणूनच तो शेवटचा रकाना हवा.

नमुन्याकडेही लक्ष द्यावे. ही तपासणी फिकट निळ्या टोपणाच्या नळीत होते. तिच्यात सायट्रेटचे द्रावण आधीच मोजून भरलेले असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण हे प्रमाण सांभाळावे लागते. रक्त खुणेपर्यंत भरले नाही, तर आयएनआर खोटा वाढलेला येऊ शकतो. एखादा आकडा आदल्या दिवसाशी अजिबात जुळत नसेल, तर नमुना पुन्हा पाठवता येईल का, असे नम्रपणे विचारावे.

बिलीरुबिन आयएनआरच्या जोडीनेच वाचावे आणि दोन्हींसाठी पाचवा दिवस निर्णायक मानावा. पॅरिसजवळच्या क्लिशी येथील बोजों रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी 2005 साली 775 शस्त्रक्रियांच्या आधारे एक निकष मांडला: पाचव्या दिवशी प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची क्षमता टक्क्यांत मोजणारी तपासणी) 50 टक्क्यांखाली, म्हणजे आयएनआर 1.7 च्या वर, आणि त्याच वेळी बिलीरुबिन 50 मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर असेल, तर मृत्यूचा धोका 59 टक्के होता; तसे नसलेल्या रुग्णांत तो 1.2 टक्के होता. आपल्याकडचे अहवाल मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात, त्या मापात ही मर्यादा साधारण 2.9 येते. दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात, हे विसरू नये. नुसते बिलीरुबिन वाढले असेल, तर पित्ताची गळती, पित्तनलिकेतला अडथळा, जंतुसंसर्ग किंवा पूर्वीपासूनचा गिल्बर्ट सिंड्रोम (बिलीरुबिन थोडे वाढलेले ठेवणारा निरुपद्रवी जन्मजात दोष) अशी वेगळी कारणे असू शकतात.

फॉस्फेटचा आकडा बहुतेकांना उलटा वाटतो. मोठा भाग काढल्यावर ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घसरते, आणि ही घसरण अपेक्षित असते. वाढणाऱ्या पेशींना ते लागते आणि मूत्रावाटेही ते बरेच निघून जाते. फार खाली गेले, तर स्नायू आणि श्वास अशक्त होतात, म्हणून ते सलाइनमधून दिले जाते. ते मुळीच न उतरणे ही मात्र चिंतेची खूण ठरू शकते. अशा वेळी मूत्रपिंडांचे काम कसे चालू आहे, हे आवर्जून विचारावे.

एसजीओटी आणि एसजीपीटी पहिल्या एक-दोन दिवसांत शेकड्यांत जातात. ही पेशींना झालेल्या इजेची खूण आहे, वाढीची नाही. ते रोज खाली येत असतील, तर आकडा मोठा दिसला तरी काळजी नको. उतरता उतरता अचानक पुन्हा चढले, तर रक्तप्रवाह पाहण्यासाठी डॉपलर सोनोग्राफी करावी लागू शकते. अल्ब्युमिनवरून पहिल्या आठवड्यात काहीही ठरवू नये, कारण रक्तातले अल्ब्युमिन निम्मे व्हायला जवळपास 20 दिवस लागतात. प्लेटलेट मात्र पाहाव्यात. उंदरांवरील 2006 च्या संशोधनात प्लेटलेटमधले सेरोटोनिन यकृताच्या वाढीला चालना देते असे दिसले, आणि रुग्णांतही प्लेटलेट बराच काळ एक लाखाच्या खाली राहिल्यास यकृत सावरायला उशीर होतो, असा अनुभव आहे.

वहीतले सगळे आकडे चांगले असूनही माणूस गुंगीत असेल, उलटसुलट बोलत असेल, पुढे धरलेले हात फडफडत असतील, पोट फुगत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर पुढच्या अहवालाची वाट न पाहता ताबडतोब नर्सला बोलवावे.

घरी गेल्यावर आकार मोजण्याचे काम सीटी स्कॅनचे. आकारमानाची वाढ पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वांत वेगाने होते, नंतर ती मंदावते. पण आकार वाढला म्हणजे कामही तितकेच वाढले, असे नसते, काम बहुधा मागे असते. स्कॅनला जाताना शस्त्रक्रियेपूर्वीचा आकारमानाचा अहवाल बरोबर न्यावा आणि उरलेला भाग तेव्हा किती मिलिलिटर होता व आता किती आहे, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून द्यायला रेडिओलॉजिस्टना सांगावे.